दातांना तार: दाखवायचे कधी, लावायची कधी

"दातांना तार कोणत्या वयात लावावी?" हा प्रश्न आपल्या घरांतून साधारणपणे दोन वेळा विचारला जातो. पहिल्यांदा, मूल सात-आठ वर्षांचे झाले, दुधाचे दात पडले आणि त्यांच्या जागी मोठे, विरळ, वाकडेतिकडे दात दिसू लागले की आई घाबरते तेव्हा. दुसऱ्यांदा, मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची झाली आणि रिश्त्याची बोलणी सुरू झाली की तेव्हा. पहिल्या वेळी दादी किंवा नानी "आपोआप सरळ होतील, दहावी होऊ दे" म्हणून विषय मिटवते. दुसऱ्या वेळी डॉक्टरांना विचारले जाते, "तीन महिन्यांत होईल का?" या दोन प्रश्नांच्या मध्ये दहा-अकरा वर्षे जातात, आणि करण्यासारखे बहुतेक काम नेमके त्याच वर्षांत असते.

गोंधळ होतो तो दोन वयांची सरमिसळ केल्यामुळे. दात दाखवण्याचे वय वेगळे आणि तार लावण्याचे वय वेगळे. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेची शिफारस अशी आहे की, मूल सात वर्षांचे होईपर्यंत त्याचे दात एकदा या विषयाच्या तज्ज्ञाने पाहिलेले असावेत. पाहिलेले, तार लावलेले नव्हे. सातव्या वर्षी तपासलेल्या बहुतेक मुलांना त्या वेळी काहीही करावे लागत नाही. "वर्षाने पुन्हा आणा" एवढेच सांगून परत पाठवतात. तार बहुतेकांना अकरा ते चौदा या वयात लागते, म्हणजे दुधाचे दात संपत आलेले असतात तेव्हा. मात्र काही थोड्या मुलांच्या बाबतीत सात-आठ-नऊ याच वयात काही करावे लागते, आणि ती वेळ गेली तर पुढे तेच काम दुप्पट अवघड होते. आपले मूल त्या बहुतेकांतले की या थोड्यांतले, हे घरात बसून नक्की ठरवता येत नाही. म्हणून दाखवायचे.

सातवेच वर्ष का, हे तोंडात काय चालले असते ते पाहिले की समजते. दुधाचे दात वीस. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या अगदी मागे, एकही दात न पडता, एक मोठी दाढ उगवते. ही कायमची दाढ. दात पडला नाही म्हणून घरात कुणाला कळतही नाही, आणि कळले तरी ती दुधाचीच समजली जाते. मग तिला कीड लागली तर "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. ती पडणार नसते. तिला आयुष्यभर राहायचे असते आणि वरच्या-खालच्या दातांची सगळी गाठ तिच्यावर बसते. त्याच सुमारास पुढचे पटाशीचे दात बदलू लागतात. म्हणजे सातव्या वर्षी मागची दाढ आलेली असते, पुढचे काही दात आलेले असतात, आणि जबडे एकमेकांवर कसे बसणार याचा अंदाज जाणकाराला बांधता येतो.

आता आई ज्याला घाबरते त्याविषयी. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे वरचे पुढचे दोन दात फाकलेले असतात, मध्ये फट असते, बाजूचे दात बाहेरच्या दिशेला कललेले असतात. बऱ्याच मुलांच्या बाबतीत हा वाढीचा नेहमीचा टप्पा असतो. दंतवैद्यकाच्या पुस्तकांत त्याला चक्क 'कुरूप बदकपिल्लाचा टप्पा' म्हणतात. वरचे सुळे हाडातून खाली येताना शेजारच्या दातांची मुळे दाबतात, म्हणून दात फाकतात. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सुळे खाली उतरले की फट बहुधा आपसूक मिटते. या वयात कुणी केवळ ती फट मिटवण्यासाठी तार सुचवली, तर "सुळे आल्यावर पाहिले तर चालणार नाही का?" असे जरूर विचारावे. खालच्या जबड्यात दुधाच्या दातामागून कायमचा दात उगवून दोन रांगा दिसतात, तेही सहा-सात वर्षांच्या मुलांत पुष्कळदा होते. पुढचा दुधाचा दात हलत असेल तर तो पडतो आणि जीभ मागच्या दाताला पुढे ढकलते. हलतच नसेल तर दाखवावे.

आणखी एक उलटा समज आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाचे दुधाचे दात मोत्यांसारखे एकाला एक चिकटून असले की आपण "माशाअल्लाह, किती सुंदर" म्हणतो आणि फटी असलेल्या दातांना नावे ठेवतो. खरे तर दुधाच्या दातांत फटी असणे चांगले. येणारे पुढचे दात त्यांच्यापेक्षा मोठे असतात. त्यांना जागा कुठून मिळणार? चिकटून बसलेल्या दुधाच्या दातांनंतर गर्दी होण्याचीच शक्यता जास्त.

ही गर्दी आपल्याकडे पुष्कळदा आपणच वाढवतो, आणि ती तारेच्या वयाच्या कितीतरी आधी. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणे, दिवसभर बिस्किटे आणि चॉकलेट, आणि मग पाचव्या-सहाव्या वर्षी किडलेली दुधाची दाढ काढून टाकणे. दुधाच्या मागच्या दाढा साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्या खालून येणाऱ्या उपदाढांची जागा राखून असतात. दाढ चार-पाच वर्षे आधी गेली की मागची मोठी दाढ पुढे सरकते, जागा बंद होते, आणि खालचा दात वाट न मिळाल्याने आडवा-तिडवा उगवतो किंवा अडकून राहतो. म्हणून दुधाची दाढ वाचवता येत असेल तर वाचवावी. काढावीच लागली तर "जागा राखण्यासाठी काही बसवायचे का?" एवढे विचारावे. स्पेस मेंटेनर नावाची छोटी तारेची कडी असते. पुढच्या तारेच्या खर्चापुढे तिचा खर्च काहीच नाही.

आता थांबू नये अशा गोष्टी. त्या घरीही पाहता येतात. मुलाला खिडकीपाशी उजेडात बसवा, थुंकी गिळायला सांगा आणि मागच्या दाढा एकमेकींवर ठेवायला सांगा. खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात का? वरच्या मागच्या दाढा एका बाजूला खालच्या दाढांच्या आत बसतात का, आणि तोंड मिटताना हनुवटी एका बाजूला सरकते का? असे असेल तर वाट पाहू नका. वरचा जबडा अरुंद किंवा मागे राहिलेला असतो. टाळूच्या मध्यावरचा सांधा लहानपणी मोकळा असतो, त्यामुळे जबडा रुंद करणे तेव्हा सोपे असते. वयात आल्यावर तो सांधा घट्ट होत जातो. खालचा जबडा पुढे येणाऱ्या मुलांना वरचा जबडा पुढे ओढणारा, चेहऱ्यावर लावायचा फेसमास्क दहा वर्षांच्या आत जास्त उपयोगी पडतो. हीच तक्रार अठराव्या वर्षी नेली तर जबडा तसाच ठेवून दातांनी झाकायचे, नाहीतर वाढ पूर्ण थांबल्यावर शस्त्रक्रिया करायची, एवढेच मार्ग उरतात.

एका बाजूचा पटाशीचा दात उगवून सहा महिने झाले आणि जोडीचा आला नाही, तर दाखवावे. वर एखादा जादा दात अडकून बसलेला असू शकतो. दहाव्या वर्षी वरच्या दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीवरून बोट फिरवले तर येणाऱ्या सुळ्याचा फुगवटा हाताला लागायला हवा. लागत नसेल तर सुळा टाळूकडे चालला असण्याची शंका येते. अशा वेळी एक्स-रे पाहून नुसता दुधाचा सुळा वेळेवर काढला तरी पुष्कळ मुलांत कायमचा सुळा आपल्या वाटेला लागतो. पंधराव्या वर्षी लक्षात आले तर हिरडी उघडून, सुळ्याला साखळी बांधून तो महिनोन् महिने ओढत आणावा लागतो. अंगठा चोखण्याचेही तसेच आहे. तीन-चार वर्षांपर्यंत फारसे बिघडत नाही, पण कायमचे दात येऊ लागल्यावर सवय राहिली तर दात पुढे येतात. मात्र बोटाला मिरची लावून आणि चारचौघांत लाजवून सवय सुटत नाही, मूल फक्त चादरीखाली अंगठा चोखू लागते. तोंड उघडे टाकून झोपणाऱ्या, घोरणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

वरचे दात फार पुढे आलेले असणे, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार. इथे मात्र घाई आणि उशीर या दोहोंत तोल सांभाळावा लागतो. सात-आठ वर्षांपासून दोन टप्प्यांत उपचार करावेत की किशोरवयात एकदाच, यावरच्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली जो आढावा काढला, त्यात शेवटी दातांची आणि जबड्याची स्थिती दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच निघाली. लवकर केल्याचा एक फायदा दिसला: पडून-धडपडून पुढचे दात तुटण्याचे प्रमाण कमी झाले. म्हणजे दात ओठांबाहेर असलेला, दिवसभर गल्लीत क्रिकेट खेळणारा किंवा शाळेत चिडवण्याने रडवेला होणारा मुलगा असेल तर लवकर सुरू करण्याला अर्थ आहे. नाहीतर अकरा-बारापर्यंत थांबण्यात नुकसान नाही, आणि दोनदा पैसे भरण्याचीही गरज नाही.

पण अकरा-बारा म्हणजे पंधरा नव्हे. खालचा जबडा मागे असेल तर ट्विन ब्लॉकसारखे साधन वापरून त्याच्या वाढीचा फायदा घेता येतो, आणि ही वाढ शरीर झपाट्याने उंच होत असते त्या एक-दोन वर्षांतच जोरात असते. मुलींमध्ये ती मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी येते. पाळी सुरू होण्याच्या आधीच तिचा वेग शिगेला पोहोचून उतरू लागलेला असतो. म्हणून मुलगी आणि मुलगा एकाच इयत्तेत असले तरी त्यांचे तारेचे वय एक नसते. आईने हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. संकोच वाटत असेल तर बाईडॉक्टरला सांगावे, पण सांगावे. "दहावीनंतर बघू" हे धोरण मुलीच्या बाबतीत सर्वांत महागात पडते ते यासाठी.

आता मुंबईतले. दादर, परळ, लालबागपासून गिरगावपर्यंत राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने एक गोष्ट चांगली आहे: या विषयाची दोन मोठी सार्वजनिक ठिकाणे हाताशी आहेत. मुंबई सेंट्रलला, आग्रीपाडा-नागपाड्याच्या शेजारी, महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. ते १९३३ पासूनचे. दुसरे सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय. प्रभादेवी किंवा चर्नी रोडवरून नायर, आणि करी रोड किंवा चिंचपोकळीवरून सीएसएमटी, दोन्ही एकाच गाडीने. दोन्हीकडे दात सरळ करण्याचा विभाग वेगळा आणि लहान मुलांच्या दातांचा विभाग वेगळा आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, आधी तपासणी होते, मग योग्य त्या विभागात पाठवतात. काम पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर करतात आणि प्राध्यापक देखरेख करतात. खासगी दवाखान्यापेक्षा खर्च पुष्कळच कमी. किंमत मोजावी लागते ती वेळेची: गर्दी असते, नंबर लागायला थांबावे लागते, आणि दर चार-सहा आठवड्यांनी शाळेचा किंवा कामाचा अर्धा दिवस जातो. म्हणूनही आधी दाखवण्यात शहाणपण आहे. नवव्या वर्षी दाखवून ठेवलेल्याला थांबणे परवडते, सोळाव्या वर्षी धावत आलेल्याला नाही.

जाता जाता सांगण्यासारखे: हिंदुस्थानातले पहिले दंत महाविद्यालय काढले ते डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी, कलकत्त्यात, १९२० साली. त्यांचा जन्मदिवस २४ डिसेंबर हा देशात राष्ट्रीय दंतचिकित्सक दिन म्हणून पाळतात. आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हरकत नाही.

मग जे काही घरांत दबक्या आवाजात विचारले जाते ते: तार लावणे जायज आहे का? सौंदर्यासाठी दातांमध्ये मुद्दाम फटी पाडणाऱ्या स्त्रियांविषयी हदीसमध्ये कडक शब्द आले आहेत आणि ते सहीह संग्रहांत आहेत. पण उलमांनी फरक केला आहे तो असा की, निरोगी दात केवळ हौसेसाठी बदलणे वेगळे आणि ऐब दूर करणे, इलाज करणे वेगळे. लढाईत नाक गमावलेल्या अरफजा बिन असद या सहाबींना आधी चांदीचे आणि त्याने दुर्गंधी येऊ लागल्यावर सोन्याचे नाक बसवण्याची मुभा मिळाली होती. दात बांधण्याच्या मसल्यात त्याचाच आधार घेतला जातो. कुर्तुब्याजवळच्या अल-जहरा इथले अबुल कासिम अल-जहरावी यांनी एक हजार वर्षांपूर्वी आपल्या 'अल-तसरीफ' ग्रंथात आडव्या उगवलेल्या दातांवरचे उपाय आणि त्यांची हत्यारे चित्रांसह दिली आहेत. तेव्हा नीट चावता न येणारे, घासता न येणारे, ओठ मिटू न देणारे दात सरळ करणे हा इलाजच आहे. नुसत्या हौसेचा प्रश्न असेल तर आपल्या आलिमांना विचारावे.

वुजू आणि गुस्लचा प्रश्नही येतो. चिकटवलेली तार काढता येत नाही, म्हणून ती अडथळा मानली जात नाही. काढता येणारी प्लेट मात्र काढून चूळ भरावी. रोज्यात तोंडातली तार असल्याने रोजा तुटत नाही. तार आवळून घेण्याची तारीख रमजानमध्ये आली तर आधी किंवा नंतरची मागून घ्यावी. आवळल्यानंतर दोन-तीन दिवस दात दुखतात आणि दुखण्याची गोळी दिवसा घेता येत नाही. खजूर बी काढून, तुकडे करून खावा. नल्ली, चिक्की, ऊस, बर्फाचे खडे बंद. एक ब्रॅकेट निघाले की एक फेरी वाढली. दिवसातून पाच वेळा चूळ भरली जाते ही आपल्या मुलांची जमेची बाजू आहे, पण ब्रॅकेटभोवती अडकलेले अन्न चुळीने निघत नाही. मिसवाक करणाऱ्यांनीही तार असेपर्यंत ब्रश आणि फटींत जाणारा छोटा ब्रश वापरावाच. नाहीतर दोन वर्षांनी तार निघते, दात सरळ असतात आणि प्रत्येकावर पांढरा चौकोनी डाग असतो.

रिश्त्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. नेहमीच्या केसला दीड ते दोन वर्षे लागतात. तारीख ठरल्यावर तीन महिन्यांत दात सरळ होत नाहीत. होतात असे कुणी सांगितले, तर बहुधा निरोगी दात घासून बारीक करून त्यांवर कॅप बसवायची असते. अठरा वर्षांच्या मुलीचे चांगले दात एकदा घासले की ते परत येत नाहीत, आणि कॅप आयुष्यात पुन्हा पुन्हा बदलावी लागते. त्यापेक्षा मुलगी आहे तशी दाखवावी, आणि तिला स्वतःला हवे असेल तर निकाहनंतरही तार सुरू ठेवावी. हिरड्या निरोगी असतील तर मोठ्या वयातही दात सरकतात. तीस-चाळीस वर्षांच्या बायका तार लावतात, त्यात लाज कसली? मोठेपणी मिळत नाही ती फक्त जबड्याची वाढ. आणि फट मिटवण्यासाठी दोन दातांना घरी रबर बांधण्याचा प्रयोग कुणीही करू नये. रबर हिरडीखाली सरकते, दिसेनासे होते, आणि चांगले दात मुळासकट सैल होऊन हाती येतात.

चार दात काढायला सांगितले की घरात गहजब होतो. "वरचा दात काढला की डोळ्यांवर परिणाम होतो" हे ऐकून कितीतरी जण केस अर्धवट सोडतात. दातांचा आणि नजरेचा तसा संबंध नाही. जागा फारच कमी असेल तर उपदाढा काढून ती करावी लागते. काढण्याची गरज नेहमीच असते असेही नाही, म्हणून "न काढता केले तर काय होईल?" हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. उत्तर पटले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे आपल्याजवळ ठेवावा, म्हणजे तो पुन्हा काढावा लागत नाही. उपचार करणारे डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस आहेत का, हेही विचारावे. चांगले डॉक्टर त्याचा राग मानत नाहीत.

आणि तार निघाली म्हणजे काम संपले, असे नाही. दात आपल्या जुन्या जागेकडे परत जाऊ पाहतात. त्यांना धरून ठेवणारा रिटेनर सुरुवातीला जवळजवळ दिवसभर, पुढे रात्री, आणि तोही काही वर्षे वापरावा लागतो. सगळ्यांत जास्त केस बिघडतात त्या इथे. पैसे भरून झालेले असतात, दात छान दिसत असतात, आणि रिटेनर कपाटात पडलेला असतो. मुले जेवताना तो काढून रुमालात किंवा टिश्यूमध्ये गुंडाळून ठेवतात आणि आवरताना तो कचऱ्यात जातो. त्याची डबी मिळते, ती दप्तरात ठेवावी. गरम पाण्याने धुऊ नये, वाकडा होतो.